क्ले करून पॉलिश केलं, तरी गाडी पुन्हा खरखरीत का होते?

तक्रार जवळपास एकाच साच्यातली असते. गाडी स्वच्छ धुतली, क्ले बार फिरवला, वरून पॉलिश केलं, बॉनेटवर हात ठेवला तर नुसता घसरत होता. महिना-दीड महिना गेला आणि ये रे माझ्या मागल्या. धुतलेल्या गाडीवर बोटं फिरवली की बारीक खरखर लागते, आणि गाडी पांढरी असेल तर छपरावर नि डिकीवर टाचणीच्या टोकाएवढे विटकरी ठिपके दिसतात. मग माणूस पुन्हा क्ले आणतो, पुन्हा घासतो, आणि क्लेने आलेली धूसर झाक घालवायला पुन्हा पॉलिश करतो. दर वेळी गाडी चार दिवस चमकते.

यात क्ले बारचा दोष फारसा नसतो. त्याला भलतंच काम सांगितलेलं असतं. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार. क्ले बार म्हणजे कृत्रिम रेझिनचा मऊ गोळा, ज्यात अतिशय बारीक घासकण मिसळलेले असतात. रंगाच्या पृष्ठभागावर जे डोकं वर काढून बसलंय ते तो पकडतो आणि खुडतो. पृष्ठभागात रुतून बसलेल्या भागापर्यंत तो पोचत नाही. रंगावर जे कोरलं गेलंय त्यालाही त्याचा उपयोग नाही. आणि जे वरून रोज नव्याने पडतंय, त्याचा बंदोबस्त तो काय करणार?

दर वेळी क्ले-पॉलिशची फेरी मारणं निरुपद्रवीही नाही. कंपनीतून आलेल्या गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, आणि त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. क्ले स्वतः त्यातलं जवळपास काही खात नाही, पण तो जे पुसट ओरखडे सोडतो ते काढायला पॉलिश लागतं आणि पॉलिश खातं. बारीक पॉलिशला अंदाजे एखादा मायक्रॉन, कंपाउंड, म्हणजे जाड घासकणांचं पॉलिश, लावून मशीन जोरात चालवलं तर तीन-चारसुद्धा. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारा हाच थर. तो पातळ झाला की छपरावर पांढरे चट्टे येतात, पापुद्रे सुटतात, आणि मग रंगवून घेण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणून क्ले हातात घेण्याआधी चिकटलंय काय ते ओळखा.

खरखर नेमकी कुठे आहे?

गाडी शाम्पूने धुवून घ्या. ओली असतानाच हातावर एखादी पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा (बंदी असली तरी घराघरात एखादी सापडतेच) आणि बोटांची टोकं रंगावरून अगदी हलकी फिरवा. उघड्या बोटाला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं, कारण कातडी न अडखळता सरकते आणि एकेक कण वेगळा टोचतो. फक्त गाडी खरोखर धुतलेली हवी. धुळीवर हा प्रयोग केला तर पिशवीच ओरखडे काढेल.

आता छप्पर, बॉनेट, डिकी, दरवाजांचा वरचा भाग, दरवाजांचा खालचा भाग, सगळीकडे हात फिरवून बघा. निम्मं निदान इथेच होतं. आडव्या भागांवर खरखर आणि उभ्या भागांवर काही नाही, म्हणजे वरून पडतंय: लोखंडी कण, रंगाचा फवारा, झाडाचा चिकटा किंवा पाण्याचे डाग. दरवाजांच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात आणि मागच्या चाकामागे खरखर असेल तर ते बहुधा डांबर. पुढच्या चाकांच्या मागे आणि रिमवर असेल तर ब्रेकची पूड. आणि गाडीची एकच बाजू खरखरीत असेल, तर ती बाजू रोज कुणाकडे तोंड करून उभी असते ते जाऊन बघा. रेल्वेमार्ग, फॅब्रिकेशनचं दुकान, बांधकाम, काहीतरी सापडतंच.

विटकरी ठिपके आणि परत येणारी खरखर

परत परत येणाऱ्या तक्रारीत सगळ्यात मोठा वाटा लोखंडाचा असतो, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

ब्रेक लागताना डिस्क झिजते, रेल्वेची चाकं रुळांवर झिजतात, ग्राइंडरखाली लोखंड कापताना ठिणग्या उडतात. ही ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडी कण. तो रंगावर पडला की वरच्या थरात रुतून बसतो, मग दमट हवेत गंजतो. आपल्याला दिसतो तो विटकरी ठिपका म्हणजे त्या गंजाचा पसरलेला डाग. मूळ कण त्याहून लहान असतो.

यावर क्ले फिरवला की कणाचं वर आलेलं डोकं तुटतं. हात गुळगुळीत लागतो, आपण खूश होतो. पण रुतलेला तळ आतच राहतो. पहिल्या पावसात किंवा चार-सहा धुण्यांत त्याला पाणी मिळतं, तो पुन्हा गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे कण पुन्हा वर फुगून येतो. झाली खरखर परत. नवीन काही पडलं नसतानाही गाडी महिन्याभरात पुन्हा टोचायला लागते ती अशी. दुसरा तोटा म्हणजे क्लेने खुडलेले हे लोखंडी तुकडे क्लेमध्येच रुततात, आणि तोच क्ले पुढे फिरवला की ते रंगावर रेघा मारत जातात.

लोखंड खुडायचं नसतं, विरघळवायचं असतं. त्यासाठी आयर्न रिमूव्हर किंवा फॉलआउट रिमूव्हर या नावाने मिळणारा फवारा वापरा. त्यात बहुतेक वेळा अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाशी संयोग पावलं की जांभळं होतं. पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधातही याच घराण्यातलं रसायन असतं, त्यामुळे वासही तसाच, नाकाला झोंबणारा, सडक्या अंड्याची आठवण देणारा. बंदिस्त बेसमेंटमध्ये हा उद्योग करू नका, शेजारी खाली उतरतील.

गाडी धुऊन, सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना फवारा मारा. डोंबिवलीत रुळांना लागून असलेल्या सोसायटीत उभी राहणारी एक पांढरी हॅचबॅक ओळखीतली आहे. धुतल्यावर बॉनेट बघून कुणी तिला स्वच्छच म्हटलं असतं. फवारा बसला आणि दीड-दोन मिनिटांत ठिकठिकाणी जांभळे टिंब उमटले, टिंबांना शेपट्या फुटल्या आणि त्या बॉनेटच्या उतारावरून पुढच्या जाळीकडे ओघळायला लागल्या. रुळांच्या बाजूच्या दोन्ही दरवाजांवर तोच प्रकार, आणि पलीकडच्या बाजूला जेमतेम चार-सहा टिंबं. त्या गाडीवर त्याआधी दोनदा क्ले झाला होता, म्हणजे दोनदा नुसती डोकी छाटली गेली होती.

फवारा तीन ते पाच मिनिटं राहू द्या, पण सुकू देऊ नका. सुकतोय असं वाटलं तर पाण्याचा हलका शिडकावा करा. मग भरपूर पाण्याने धुवा, आणि जिथे जांभळं जास्त आलं तिथे दुसरा हात द्या. मऊ ब्रशने किंवा ओल्या मिटने, म्हणजे गाडी धुवायच्या मऊ हातमोज्याने, हलकंसं फिरवलं तर चालतं, घासायचं मात्र नाही. काळ्या किंवा गडद गाडीवर जांभळा रंग दिसत नाही, तेव्हा खाली ओघळणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा. हातमोजे घाला. ॲसिडवाल्या कुठल्याही क्लीनरबरोबर हा फवारा एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू सुटू शकतो.

यात एक फुकटचं निदानही आहे. फवारा मारूनही काहीच जांभळं झालं नाही, तर खरखर लोखंडाची नाही. बाटली बाजूला ठेवा आणि पुढचं वाचा.

नव्या गाडीला हे कशाला, असं अनेकांना वाटतं. कारखान्यातून शोरूमपर्यंत बऱ्याच गाड्या आता रेल्वेच्या डब्यांतून येतात, उघड्या यार्डात थांबतात. ताब्यात मिळाल्या दिवशीच पिशवी फिरवून बघा, गंमत कळेल. कोल्हापूरची शिरोली, पिंपरी-चिंचवडची भोसरी, नाशिकचं अंबड, अशा फाउंड्री आणि मशीन शॉपच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांच्या गाड्यांना हा त्रास कायमचाच. आणि सोसायटीत कुणी खिडक्यांना ग्रिल बसवत असेल, तर त्या दिवशी गाडी तिथून हलवणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

जे क्लेचं काम नाहीच

डांबर. पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास रस्ते दुरुस्त होतात तेव्हा दरवाजांच्या खाली काळे ठिपके बसतात. क्ले ते काढतो, नाही असं नाही, पण दोन ठिपक्यांत गोळा काळा आणि चिकट होतो आणि तेच डांबर पुढे सारवत जातो. टार रिमूव्हर फडक्यावर घ्या, ठिपक्यावर अर्धा मिनिट टेकवून ठेवा, तपकिरी ओघळ आला की उचलून घ्या. रॉकेलने होतं का? होतं. पण ते तेलकट थर सोडतं, असलेलं वॅक्स काढतं आणि रबरी पट्ट्यांना चांगलं नाही. वापरलंच तर लगेच शाम्पूने धुवा. पेट्रोलचा बोळा घेऊन तापलेल्या गाडीजवळ बसणारे लोक बघितले आहेत, त्यांना हात जोडून नमस्कार. डांबराचं काम आयर्न रिमूव्हरच्या आधी करा, कारण डांबराखाली दबलेल्या लोखंडापर्यंत फवारा पोचत नाही.

पाण्याचे डाग. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने गाडी धुवून उन्हात सुकू दिली की पांढरी वर्तुळं उठतात. हे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. बोटाला किंचित उंचवटा लागतो म्हणून लोक क्ले फिरवतात, आणि क्ले त्यावरून मख्खपणे घसरून जातो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, फडकं भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. क्षार वर बसलेले असतील तर निघतील. वर्तुळ दिसतंय पण बोटाला काहीच लागत नाही, म्हणजे रंग कोरला गेलाय. तिथे पॉलिशच लागेल.

याच जातीतला पण जास्त वाईट प्रकार बेसमेंट पार्किंगमध्ये होतो. स्लॅबमधून झिरपणारं पाणी काँक्रीटमधला चुना घेऊन खाली येतं आणि ठिबकून ठिबकून बॉनेटवर पांढरा, दगडासारखा कडक थर जमतो. हे पाणी अल्कधर्मी असतं, रंगाला चावतं. आठवडाभरात लक्षात आलं तर व्हिनेगरने तीन-चार हात देऊन सुटतं. महिनोन्‌महिने साचलं तर खालचा क्लिअर कोट गेलेला असतो. फरशी धुवायचं ॲसिड इथे कुणीतरी हमखास सुचवतं. अजिबात लावू नका. चुना जाईल, रंगही जाईल, आणि जवळपासचं क्रोम काळवंडेल. खरा उपाय गाडीवर नाहीच, कमिटीला पत्र लिहून गळती बंद करून घ्या किंवा जागा बदलून घ्या.

झाडाखालचा चिकटा. आंब्याला मोहर आला की तुडतुडे येतात आणि त्यांच्या अंगातून पाझरणारा साखरेचा रस खाली उभ्या गाडीवर पडतो. पर्जन्यवृक्षावर मिलीबग पडली की तीच कथा. हे साखरपाणी आहे, कोमट पाणी आणि शाम्पूने सुटतं, फक्त दोन दिवसांत धुवायला हवं. झाडाचा खरा डिंक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा टेकवा. क्लेला डिंक दिला की गोळा वाया गेला म्हणून समजा.

कबुतरांची विष्ठा. विष्ठा रंगावर तशीच राहून उन्हात तापली की खालच्या थराला नडते. राहिलेला डाग कोरलेला असतो. तिथे क्लेचा काही संबंध नाही.

उलट जिथे क्लेला पर्याय नाही अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे रंगाचा फवारा. शेजारची इमारत रंगवली जाते, वारा सुटतो, आणि संध्याकाळी खालच्या सगळ्या गाड्यांवर बारीक दाणे बसलेले असतात. ते घालवायला थिनर लावू नका. काच, रंग, हेडलाइट, सगळीकडून हे दाणे क्ले असा सोलून काढतो की बघत राहावं.

क्ले करायचाच असेल तेव्हा

डांबर, मग लोखंड, मग क्षार, हे सगळं उरकून पुन्हा एकदा पिशवी फिरवा. बऱ्याच गाड्यांना या टप्प्यावर क्लेची गरज थोडीच उरते, कधी कधी फक्त छपरापुरती. जिथे टोचतंय तिथेच करा. अख्ख्या गाडीला करायलाच हवा असा काही नेम नाही.

बाजारात फाइन, मीडियम आणि हेवी अशा प्रती मिळतात. कायम फाइनपासून सुरुवात करा. हेवी ही बॉडी शॉपची वस्तू आहे. १०० ग्रॅमची वडी असेल तर तिचे तुकडे करा. एक तुकडा हातातून पडला तर फेकून द्यायचा आहे, आणि पूर्ण वडी फेकताना जीव तुटतो म्हणून लोक ती पुसून परत वापरतात. फरशीवरचा एक खडा त्यात रुतला की बॉनेटभर रेघोट्या.

दीड-दोन फुटांचा चौकोन धरा. क्लेचं खास ल्युब्रिकंट (क्ले सहज सरकवणारं द्रव) किंवा क्विक डिटेलर (गाडी पुसून चमकवायचा फवारा) भरपूर मारा, रंगावर आणि क्लेवरही. तुकडा तीन बोटांत मावेल असा चपटा करा आणि सरळ रेषेत, पुढे-मागे, स्वतःच्या वजनाने सरकेल इतक्याच हाताने फिरवा. गोल गोल नाही. सुरुवातीला खर्र असा आवाज येतो आणि बोटाखाली अडकल्यासारखं होतं. आठ-दहा फेऱ्यांत आवाज बसतो आणि हात मोकळा होतो. तो मोकळा झाला की थांबा. त्यापुढचं घासणं नुसते ओरखडे पाडतं. हात अडकला तर दाब वाढवू नका, ल्युब्रिकंट वाढवा. दर चौकोनानंतर तुकडा उलटून बघा. पृष्ठभाग मळकट दिसला, काळे कण चमकले की घडी घालून मळा आणि कोरा भाग वर आणा. सगळा गोळाच करडा झाला की त्याचं काम संपलं.

साबणपाणी वापरलं तर चालेल का, हे हटकून विचारतात. घट्ट शाम्पूचं पाणी बऱ्याचदा चालतं, पण काही क्ले त्यात पिठासारखे सुटायला लागतात. आधी एका कोपऱ्यात करून बघा. नुसतं पाणी मात्र नको.

क्लेनंतर दिसणारे त्रास

रंग धूसर झाला, उजेडात सरळ बारीक रेषा दिसतात. क्लेनंतर पॉलिश करणार असाल तर याची फार चिंता नको, मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने जातं. गडद आणि मऊ रंगांवर हे जवळजवळ होतंच. पण पॉलिश करायचा विचारच नसेल तर गडद गाडीवर क्ले उघडू नका. आयर्न रिमूव्हर मारून तिथेच थांबा, थोडी खरखर राहिली तर राहू द्या.

क्ले रंगावर चिकटून पट्टे पडले. वैशाखात विदर्भ-मराठवाड्यात पत्रा इतका तापतो की क्ले मऊ होऊन लिंपला जातो आणि ल्युब्रिकंट मिनिटभरात उडून जातं. पहाटे करा किंवा गाडी सावलीत तासभर थंड होऊ द्या, आणि तुकडा अधूनमधून गार पाण्यात बुडवा. लिंपलेला क्ले वाळल्यावर खरवडू नका. क्विक डिटेलर मारून फडक्याने उचला, नाहीच निघाला तर टार रिमूव्हरचा हात द्या. थंडीत उलट होतं, क्ले कडक पडतो. तेव्हा कोमट पाणी.

पॉलिश करताना नवेच खोल ओरखडे आले. क्ले आणि पॉलिश यांच्यामध्ये गाडी पुन्हा धुतली होती का? खुडलेले कण ल्युब्रिकंटमध्ये तरंगत असतात आणि दरवाजांच्या फटींत, नंबर प्लेटमागे, मोनोग्रामच्या कडांना साचतात. मशीनचं पॅड तिथून ते उचलतं. क्लेनंतर पूर्ण धुणं, कोरडं करणं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाचा एक हात, आणि रबर-प्लास्टिकवर चिकटपट्टी, एवढं झाल्यावरच मशीन सुरू करा. आणि पॅड खाली पडलं तर त्यालाही क्लेचाच नियम.

चमक आली पण पाणी थेंब धरत नाही, घाण लवकर बसते. हे व्हायचंच. क्ले आणि पॉलिश मिळून असलेलं वॅक्स, सीलंट (वॅक्ससारखाच पण कृत्रिम संरक्षक थर) सगळं काढून टाकतात. रंग उघडा पडतो आणि नवा लोखंडी कण, नवा चिकटा थेट क्लिअर कोटवर बसतो. पॉलिश झाल्या दिवशीच वॅक्स किंवा सीलंट लावा. कणांना ते अडवत नाही, पण त्यांची पकड सैल ठेवतं, आणि पुढच्या धुण्यात बरेच निघून जातात. खरखर लवकर परत येण्याचं लोखंडाखालोखालचं कारण हे आहे: पॉलिशवर पैसे खर्च होतात आणि शेवटचा अर्धा तास कुणी देत नाही.

तिसरं कारण रोज सकाळी बादली घेऊन येतं. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या माणसाकडे एका बादलीत पंधरा गाड्या असतात, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या ओल्या फडक्याखाली कालची सगळी धूळ आणि लोखंड रंगावर फिरतं. स्वर्ल मार्क्स म्हणजे उन्हात जाळ्यासारखे दिसणारे जे गोल ओरखडे, ते बहुतेक इथूनच येतात. त्याला पैसे तेच द्या आणि सांगा की फक्त काचा, आरसे आणि आतून पूस. बाहेरचं आठवड्याला एकदा पाणी मारून. पहिल्या दिवशी त्याला वाईट वाटतं, दुसऱ्या दिवसापासून तो खूश असतो.

वर्षातून किती वेळा क्ले करावा, याचं तारखेतलं उत्तर नाही. आयर्न रिमूव्हर दर तीन-चार महिन्यांनी चालतो, रुळांजवळ राहत असाल तर त्याआधीही. क्ले मात्र मशीन पॉलिश करायच्या वेळीच, म्हणजे वर्षा-दोन वर्षांतून एकदा आला तर पुरे. अपवाद काचेचा. पुढच्या काचेवर वायपर थरथरत, आवाज करत फिरत असेल तर रबर बदलण्याआधी काचेला क्ले करून बघा. तिथे मायक्रॉनची चिंता नाही आणि फरक लगेच कळतो.

मॅट रंगाला क्ले लावायचा नाही, तो चकाकीचे डाग सोडतो. विनाइल रॅपलाही नाही. पीपीएफ (रंगावर चढवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर आयर्न रिमूव्हर चालतो का ते कोटिंगवाल्याला विचारा, क्लेपासून लांबच राहा.

एवढं सगळं करूनही एकाच पॅनेलवर खरखर हटत नसेल, फवारा जांभळा होत नसेल, क्ले नुसता घसरत असेल आणि प्रत्येक दाणा जिथल्या तिथे लागत असेल, तर तो दाणा रंगावर नाही, रंगात आहे. पॅनेल कधीतरी पुन्हा रंगवलं गेलंय आणि ओल्या रंगात धूळ बसली आहे. जुनी गाडी घेतलेल्यांना बऱ्याचदा अपघाताचा पत्ता असाच लागतो. आतल्या कडांना, दरवाजाच्या रबराखाली रंगाची कड किंवा फवारा दिसतोय का बघा. तो दाणा क्लेने जायचा नाही. बारीक पाणकागदाने घासून मग पॉलिश करावं लागतं, आणि रंगवलेल्या पॅनेलवर वरचा थर किती जाड आहे ते डोळ्याने सांगता येत नाही. रंगाची जाडी मोजायचं मीटर ज्याच्याकडे आहे आणि जो घासण्याआधी ते लावून दाखवतो, अशाच माणसाकडे ते पॅनेल सोपवा.